पुढच्या बाईचा रुमाल

आर्गिरोचे पाय मला पहिल्यापासून आवडले नाहीत. बाकी बाईचं सगळं चांगलं आहे असं गाव म्हणतं, म्हणू दे बापडं. केस अजून काळे, कमर अजून जागेवर, बोलणं गोड. पण दगडी खळ्यावर ती नाचायला लागली की कोणी मुसळ आपटतंय असं वाटतं. आणि असल्या बाईला माझ्या नवऱ्याने नाचात पुढे उभं केलं. माझ्या जागी.

आमच्या प्रिनारी गावात उन्हाळाभर दर बुधवारी स्त्रातिसच्या खानावळीत पाहुण्यांची संध्याकाळ असते. किनाऱ्यावरच्या हॉटेलांतून लोक बस भरून वर डोंगरात येतात. उन्हाने लाल झालेले, हसरे, भुकेले. स्त्रातिस त्यांना निखाऱ्यांसमोर उभं भाजलेलं कोकरू घालतो, आमच्याकडे लग्नात करतात तसा रश्श्यात शिजवलेला भात घालतो, आणि आधी राकीची कडक दारू पाजतो म्हणजे मग काहीही चविष्ट लागतं. त्यांना ताटल्या फोडायच्या असतात, म्हणून तो प्लास्टरच्या ताटल्या आणून ठेवतो. आमच्या आजीने ताटली फोडली असती तर आजोबांनी तिला माहेरी नेऊन सोडलं असतं, पण हे पाहुण्यांना कोण सांगणार? मी आणि शेजारची एर्गिनी दुपारपासून ताज्या चीजच्या करंज्या लाटत बसतो, सूर्य कलला की घाघरा-जाकीट चढवतो आणि खळ्यावर नाचायला उभ्या राहतो. वर्षानुवर्षं पुढे मीच असायची.

पुढे असणं म्हणजे काय ते ज्याला कळत नाही त्याने आमच्या क्रीटमध्ये लग्न करू नये. नाचाची साखळी कितीही लांब असू दे, पुढच्या माणसाचा एक हात मोकळा असतो आणि दुसऱ्यात रुमाल असतो. रुमालाचं दुसरं टोक त्याच्या मागचा धरतो. बाकी सगळे एकमेकांचे हात धरून साधी पावलं टाकतात. जे काही नटायचं, गिरकायचं, थबकायचं ते पुढच्याने. आणि लिरा वाजवणारा गुडघ्यावर लिरा उभी धरून, तारांवर गज फिरवत, पुढच्याच्या पायांकडे बघत असतो. मागे अख्खं गाव नाचत असेना का, तो एकासाठीच वाजवतो. साथीला लाऊतोच्या तारा छेडणारा लिरेच्या मागे जातो, लिरा पुढच्या पावलाच्या मागे. माझा नवरा मानुसोस लिरा वाजवतो.

आमचं लग्न अशानेच जमलं. ऑगस्टमधली मरियममातेची जत्रा होती. मी पहिल्यांदाच पुढे आले होते, पायांत आईचे पातळ तळव्यांचे कातडी जोडे. माझं पाऊल हलकं, इतकं हलकं की आई म्हणायची, ही पोरगी घरात कधी येते आणि कधी जाते कळतच नाही. नाचता नाचता मला काय वाटलं कोण जाणे, मी एक पाय उचलला आणि तसाच हवेत धरून ठेवला. मानुसोसने काय करावं? त्याने गज त्या एका सुरावर धरून ठेवला. मी पाय खाली ठेवीना, तो सूर सोडीना. जेवणारे हातातला घास तसाच धरून बघत राहिले. शेवटी मी पाय टेकवला आणि त्याचा गज खाली उतरला. नंतर झऱ्यावर पाणी भरताना येऊन मला म्हणाला, "मला दुसऱ्या कोणाचे पायच दिसत नाहीत." तो खेळ मग आमचाच झाला. जत्रेत, बारशात, आणि आता आता बुधवारच्या पाहुण्यांपुढेसुद्धा मी पाय धरून ठेवायची आणि तो थांबायचा.

यंदा ईस्टर झाला, खानावळीच्या खुर्च्या रंगवून झाल्या, आणि स्त्रातिस माझ्याकडे आला. हातात नवा रुमाल नव्हता हे मी आधी बघितलं. दर वर्षी तो मला नवा रुमाल देतो.

"मावशी," तो म्हणाला, "यंदा पुढे आर्गिरोला घेऊ या म्हणतो."

"का रे? माझ्या पायांना कीड लागली?"

"तसं नाही गं. तू दुसरी राहा ना. तुझ्याशिवाय साखळी सांभाळणार कोण?"

"सांभाळायला मी काय मेंढ्या हाकते? कोणाच्या डोक्यातून निघालं हे?"

तो खाली बघायला लागला. खुर्चीला लागलेला निळा रंग नखाने खरवडत म्हणाला, "काकाच म्हणाला."

काका म्हणजे मानुसोस.

मी घरी जाऊन त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि ते मला नको होतं. त्याच्यापुढे मसुराचं वाडगं एवढ्या जोरात आपटलं की रस्सा त्याच्या शर्टावर उडाला. त्याने पुसलासुद्धा नाही.

ही आर्गिरो गावचीच. लहानपणी माझ्याबरोबर शेळ्या राखायची. मग अथेन्सला लग्न झालं, नवरा गेला, आणि दोन वर्षांपूर्वी एक लाल गाडी आणि बाराही महिने पायांत असणारे, उंच टाचांना लोखंड ठोकलेले बूट घेऊन परत आली. आल्या आल्या सगळ्यांची लाडकी. कोणाला औषध आणून दे, कोणाला बँकेत ने. माझ्या नवऱ्याला दर सोमवारी खाली खान्या शहरात नेऊ लागली.

"लिरेच्या तारा आणायला जातो," मानुसोस म्हणायचा.

"दर सोमवारी? चघळतोस का तारा?"

"बाकी पण कामं असतात."

त्याची स्वतःची गाडी अंजिराच्या झाडाखाली उभी असायची, आणि तिच्यावर पक्षी घाण करत होते. पाठ दुखते म्हणून चालवत नाही, असं त्याचं म्हणणं. तिच्या लाल गाडीत बसताना पाठ बरी कशी दुखत नाही?

एकदा संशय शिरला की माणूस डोळ्यांत तेल घालून बघतो. मी बघत होते. मानुसोस बदलला होता. कॉफी ओतताना कप भरून वाहिला तरी ओतत राहायचा, मन भलतीकडेच. एका रविवारी देवळात उलटा शर्ट घालून आला. गालावर केस तसेच सोडून दाढी करायचा, घाईच एवढी, खाली लाल गाडी वाट बघत असायची ना. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे माझ्या डोळ्याला डोळा भिडवीना. बोलायला लागला की नजर माझ्या कानाच्या बाजूला. पुरुषाच्या मनात पाप असलं की तो असाच बघतो, हे मला कोणी शिकवायला नको.

"कुठे बघतोस?" मी एकदा विचारलं.

"तुझ्याकडेच."

"माझ्या कानाकडे बघतोयस. कानात काय ठेवलंय?"

तो हसला, पण ओढूनताणून. मग मान थोडी फिरवून माझ्या दुसऱ्या कानाकडे बघायला लागला.

"तिचे पाय आवडतात वाटतं?" मी तोंडातून काढलंच शेवटी.

"कोणाचे?"

"आव आणू नकोस."

तो परत माझ्या पहिल्या कानाकडे वळला. मग म्हणाला, "वजनदार आहेत तिचे पाय."

वजनदार! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. इतकी वर्षं मी वाऱ्यासारखी नाचले, आणि ह्याला वजनदार हवी होती! रात्री एर्गिनीच्या ओट्यावर बसून मी हे सांगितलं तर ती तोंडावर हात धरून हसली आणि म्हणाली, "अगं, मग तूही खा की चार करंज्या जास्त."

बुधवारी मात्र तीच एर्गिनी आणि बाकीच्या बायका माझ्याकडे चोरून बघायच्या. आर्गिरो पुढे, हातात माझा रुमाल. म्हणजे रुमाल स्त्रातिसने आणलेला होता, पण माझाच. दुसरं टोक माझ्या हातात. मला तिची पाठ, तिचा काळा केसांचा अंबाडा, आणि कानाखालचा तीळ दिसायचा. टाच खट्ट, टाच खट्ट. आणि पलीकडे माझा नवरा मान तिच्या पायांकडे वळवून, ओठ मिटून, असा मन लावून वाजवायचा की मला आमच्या जत्रेची आठवण व्हायची. दुसऱ्या बाईसाठी वाजवताना त्याचा चेहरा कसा दिसतो हे मी ह्याआधी कधी बघितलं नव्हतं. कारण ह्याआधी पुढे मी असायची.

जूनमध्ये एका बुधवारी त्याने कमालच केली. नाचाच्या मध्येच गळा मोकळा करून दोन ओळी गायला. आमच्याकडे वाजवणारे ऐन वेळी अशा ओळी जुळवतात, आणि त्या कोणासाठी आहेत हे सगळ्यांना बरोबर कळतं.

*डोळे मिटून बसलो तरी टाच तुझी सांगते,*
*दगडावर तू आलीस, आणि हात माझा चालतो.*

पाहुण्यांना एक अक्षर कळलं नाही, त्यांनी टाळ्या वाजवल्या. गावातल्यांनी वाजवल्या नाहीत. एर्गिनीने माझा हात घट्ट दाबला, आणि त्या दाबण्याने मला जास्त लाज वाटली. आर्गिरोचा कानामागचा भाग लाल झाला होता. मी रुमालाचं टोक एवढं पिळलं की शिवण उसवली.

त्या रात्री मी माझी उशी आतल्या खोलीत नेली. मानुसोस दारात उभा राहिला. "काय झालं?" म्हणाला. "उकडतंय," मी म्हटलं. तो थोडा वेळ दाराची चौकट चाचपत उभा राहिला आणि गेला.

पुढच्या बुधवारी मी आईचे जोडे काढले. पेटीच्या तळाशी होते, कापडात गुंडाळलेले. त्यांना तेल लावलं, मऊ केले, पायांत घातले. करंज्या लाटताना माझं लक्ष पायांतल्या जोड्यांकडे होतं, म्हणून त्या वाकड्यातिकड्या झाल्या. स्त्रातिस म्हणाला, "मावशी, आज करंज्यांनी राकी घेतली वाटतं." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो निखारे बघायला निघून गेला.

बस आल्या. पाहुणे बसले, जेवले, प्याले, प्लास्टरच्या ताटल्या फुटल्या. डोंगरामागे सूर्य गेला होता तरी आकाश अजून उजळ होतं. आंद्रुलिसने लाऊतो जुळवला. मानुसोसने लिरा गुडघ्यावर घेतली. आम्ही खळ्यावर उभ्या राहिलो, आर्गिरोने रुमाल वर केला, आणि मी तो तिच्या हातातून ओढून घेतला.

असं कोणी करत नाही. पुढच्याच्या हातातून रुमाल घेणं म्हणजे भर बाजारात त्याच्या तोंडात मारणं. माझ्या आजोबांच्या काळात ह्यावरून सुरे निघालेत. खळ्याच्या कडेला बसलेले गावचे म्हातारे उठून उभे राहिले. एर्गिनी कुजबुजली, "वेड लागलं का तुला?" पाहुण्यांना वाटलं हा कार्यक्रमातलाच भाग आहे, त्यांनी खुश होऊन शिट्ट्या मारल्या.

आर्गिरो मात्र चिडली नाही. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग मानुसोसकडे, आणि मागे सरून रुमालाचं दुसरं टोक धरलं. ह्या शहाणपणाचा मला आणखी राग आला. भांडली असती तर बरं झालं असतं.

"वाजव," मी मानुसोसला म्हटलं.

त्याने मान माझ्या दिशेने वळवली. त्याच्या कपाळावर घाम होता. "रोदान्थी?" तो म्हणाला. जणू खात्री करून घेत होता. बायकोचं तोंडसुद्धा विसरला की काय, असं माझ्या मनात आलं.

"दुसरी कोण? वाजव."

त्याने सुरुवात केली आणि मी निघाले. मी नाचले, आणि खरं सांगते, त्या संध्याकाळी मी जशी नाचले तशी तरुणपणीही नाचले नसेन. जोडे दगडाला लागत होते की नाही हेही कळत नव्हतं. आणि लिरा चुकत होती. आधी माझ्यापुढे पळाली. मग मागे राहिली. मी थबकले की ती चालत राही, मी गिरकी घेतली की ती संथ होई. आंद्रुलिस डोळे मोठे करून मानुसोसकडे बघायला लागला, त्याचा लाऊतोही गडबडला. पाहुणे टाळ्यांचा ठेका धरत होते, तोही विस्कटला. मानुसोसची लिरा अडखळलेली मी उभ्या आयुष्यात ऐकली नव्हती.

हा मुद्दाम करतोय, मला वाटलं. गावासमोर, परक्यांसमोर, तिच्यासमोर मला दाखवून देतोय की तुझ्यासाठी माझा हात चालत नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तरी मी एक शेवटची संधी दिली त्याला. बरोबर त्याच्यासमोर आले, हात लांब केला असता तर त्याच्या गुडघ्याला लागला असता, आणि मी पाय उचलला. हवेत धरला. आमचा खेळ.

तो माझ्या पायाकडेच बघत होता. बघत होता, आणि वाजवत पुढे गेला. गज थांबला नाही. एक क्षणही नाही.

खळ्यावरच्या म्हाताऱ्यांना तो खेळ माहीत होता. कोणीतरी जीभ टाळूला लावून च्च केलं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तशी माझी गेली, आणि तिथे मावेना म्हणून परत तळपायात उतरली. मी तो पाय खाली आपटला. सगळा राग घालून, दगड फुटेल असा. पातळ तळव्यातून कळ गुडघ्यापर्यंत गेली.

आणि लिरा तिथेच, त्या आपटण्यावर, येऊन उतरली.

योगायोग, मी म्हटलं. पुढची पावलं माझी नेहमीची, हलकी. लिरा पुन्हा भरकटली. मी पुन्हा पाय आपटला. ती पुन्हा आली, हाक मारल्यावर शेळी यावी तशी. मी नाचता नाचता त्याच्या तोंडाकडे बघितलं. मान माझ्या पायांच्या दिशेने, पण डोळे... डोळे माझ्या पायांच्या जरा पलीकडे, मोकळ्या दगडावर. आणि कान पुढे काढलेला.

मला कळलं. कॉफी, शर्ट, दाढी, माझा कान, दाराची चौकट. सगळं एकदम कळलं.

त्याच वेळी मागून रुमालाला हिसका बसला आणि आर्गिरो दबक्या आवाजात म्हणाली, "जोरात, रोदान्थी. आणखी जोरात."

म्हणजे हिला माहीत होतं!

ज्या बाईच्या नवऱ्याचे डोळे चाललेत तिने त्या क्षणी काय विचार करावा? देवाचं नाव घ्यावं, रडावं. मी विचार केला की हिला आधी कळलं. माझ्या आधी हिला कळलं. आणि मी पाय आपटत सुटले. उरलेला अख्खा नाच मी टाचा आपटत पुरा केला, अगदी मुसळासारखा, आणि लिरा माझ्या टाचेला चिकटून चालली. पाहुणे बाकांवर उभे राहून ओरडत होते. माझ्या एका जोड्याची शिवण फाटली तरी मी थांबले नाही.

मध्यंतरात स्त्रातिसने पाहुण्यांना गोड वाढायला घेतलं. मी मानुसोसला हाताला धरून स्वयंपाकघराच्या मागे नेलं, जिथे कोकराचे निखारे अजून लाल होते.

"किती दिसतं?" मी विचारलं.

तो निखाऱ्यांच्या उबेकडे वळला.

"मानुसोस, किती?"

"कडेकडेचं दिसतं," तो म्हणाला. "मधोमध डाग आहे. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं जातं. तुझ्याकडे बघायचं तर तुझ्या कानाकडे बघावं लागतं, तेव्हा कुठे नाक दिसतं."

"डॉक्टर काय म्हणतो?"

"म्हणतो, पूर्ण आंधळा नाही होणार. पण गेलं ते परत नाही येणार."

"आणि हे तू तिला सांगितलंस."

"सांगितलं नाही. तिने ओळखलं. तिच्या सासूचं असंच झालं होतं. एकदा रस्त्यात मी तिच्या कानाशी बोलत होतो, तर ती म्हणाली, मानुसोस, चल गाडीत बस."

"मी रोज तुझ्यासमोर बसते. मला कान नाहीत? तिला कळू दिलंस, स्त्रातिसला कळू दिलंस..."

"स्त्रातिसला नाही माहीत. त्याला मी फक्त म्हटलं, आर्गिरोला पुढे घे. तिच्या टाचा ऐकू येतात. तुझं पाऊल..." तो थांबला. "तुझं पाऊल मला कधीच ऐकू आलं नाही गं. तुझं फक्त बघायचो."

"मग मला सांगायचं होतंस! मी काय गावभर दवंडी पिटणार होते?"

"गावाला सांगितलं असतं एक वेळ," तो म्हणाला. "पण तुझे पाय दिसत नाहीत, हे तुला कसं सांगू?"

मला त्याला मारावंसं वाटलं, आणि मिठी मारावीशी वाटली. मी त्याच्या गालावर राहिलेले केस बोटाने ओढले. "आणि ते गाणं? टाच तुझी सांगते?"

"वाजवता वाजवता मन भरून आलं. हात अजून चालतोय म्हणून." तो ओशाळला. "तुला राग आला होता?"

"नाही," मी म्हटलं. "उकडत होतं."

तो हसला. ह्या वेळी खरं हसला. खळ्यावरून आंद्रुलिस हाका मारत होता, आणि आर्गिरो स्वयंपाकघराच्या दारात हातात दोन पाण्याचे पेले घेऊन उभी होती. तिने एक मानुसोसच्या हातात बरोबर दिला, बोटं पेल्याभोवती मिटवून. ती सवय मला दिसली. एवढी सवय व्हायला किती सोमवार गेले असतील कोण जाणे. दुसरा पेला तिने माझ्यापुढे केला.

"मला माफ कर," ती म्हणाली. "त्याने शपथ घातली होती."

"तुझे बूट कुठे मिळतात?" मी विचारलं.

"हे? खान्याला. का गं?"

"नको. माझे मी बघते."

पाणी मात्र मी प्यायले, तहान लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खालच्या वाडीतल्या चांभाराकडे गेले. तो मोजक्याच लोकांचे लांब बूट शिवतो आणि खेचरांना नालही ठोकतो. मी त्याच्यापुढे माझे बाहेर जायचे काळे जोडे ठेवले आणि म्हटलं, टाचांना लोखंड ठोक.

"बायकांच्या जोड्याला?" तो म्हणाला. "केवढं ठोकू?"

"खेचराला ठोकतोस तेवढं."

"रोदान्थी, रस्त्यात ठिणग्या उडतील."

"उडू दे. खालच्या वाडीत आवाज आला नाही तर मी परत आणून देईन."

मंगळवारी मी ते घालून घरात फिरले. मानुसोस व्हरांड्यात लिरेच्या गजाला राळ लावत होता. मी स्वयंपाकघरातून अंगणात गेले, अंगणातून विहिरीकडे, विहिरीवरून परत. तो मान न उचलता म्हणाला, "कोंबड्यांना दाणे टाकलेस. आता पायरीवर उभी आहेस." मग थोड्या वेळाने, "बाई माझे, शेजारी झोपलेत." उशी मी आदल्या गुरुवारीच परत आणली होती.

बुधवारी स्त्रातिसने रुमाल माझ्या हातात दिला, आणि ह्या वेळी तो नवा होता. आर्गिरो मागे उभी राहिली. तिला शेवटी उभं करा असं मी म्हणणार होते, पण मानुसोसला दोन टाचा ऐकू आल्या तर बरंच आहे, असा विचार करून गप्प बसले. तिचे उपकार आहेत माझ्यावर, हे मला कळतं. ते फेडेन मी कधीतरी. पण माझ्या नवऱ्याच्या हातात पेला द्यायला आता मी आहे, आणि सोमवारी आंद्रुलिस त्याला नेणार आहे, आणि मी बरोबर जाणार आहे.

लिरा सुरू झाली. मी टाच टाकली आणि ती माझ्याकडे आली. खट्ट, आणि सूर. खट्ट, आणि सूर. म्हातारे खळ्याच्या कडेला बसून आमच्याकडे संशयाने बघत होते. गेल्या खेपेचं कोणी विसरलं नव्हतं. मी फिरत फिरत मानुसोससमोर आले. त्याने मान कलती केली, कान माझ्याकडे केला.

मी पाय उचलला.

खळ्यावर टाच वाजायची थांबली, आणि गज थांबला. त्या एका सुरावर, लांबच लांब. मानुसोस डोळे मिटून, ओठांत हसत, माझी टाच पडायची वाट बघत राहिला. आंद्रुलिसचा हात तारांवर थबकला. बाकांवरचे पाहुणे हातातले घास तसेच धरून बघायला लागले. माझ्यामागे आर्गिरोचाही पाय हवेत अडकला होता, रुमाल ताणला गेला होता, आणि तिला आता कळत नव्हतं की मी कधी टेकवणार.

मी पाय खाली ठेवायची घाई केली नाही.